सुप्याचे बारा मे आणि कोशरचा शिक्का

१२ मे १८७५ रोजी बारामती तालुक्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांची दुकाने लुटली, घरांवर चाल केली आणि वह्या-रोखे बाहेर काढून जाळले. १२ मे २००८ रोजी अमेरिकेच्या आयोवा राज्यातल्या पोस्टव्हिल या लहानशा गावी एका कत्तलखान्यावर सरकारी छापा पडला आणि ३८९ कामगार पकडले गेले. तारीख जुळली हा योगायोग. गाऱ्हाणे मात्र दोन्हीकडे एकाच जातीचे होते. सुप्यातल्या रोख्यावर कुणब्याचा अंगठा होता, पण त्यामागचा हिशेब त्याला कधी दिसत नव्हता. पोस्टव्हिलच्या मांसावर कोशरचा शिक्का होता आणि ते मांस कापणाऱ्या मजुरांचे हाल त्या शिक्क्यात कुठेच उमटले नव्हते.

कोशर म्हणजे ज्यू धर्मशास्त्राला चालणारे अन्न. महाराष्ट्राला ते परके नाही. कोकणातले बेने इस्राएल शतकानुशतके तेलाचा घाणा चालवत आणि शब्बाथला बंद ठेवत, म्हणून गावोगाव त्यांना शनिवार तेली म्हणत. त्यांच्या परंपरेत बाहेरून आलेल्या डेव्हिड राहबी या ज्यूची गोष्ट सांगतात. हे लोक ज्यू आहेत का, याची खात्री करण्यासाठी राहबींनी बायकांसमोर मासळी ठेवली. त्यांनी पर आणि खवले असलेले मासे तेवढे रांधायला घेतले, बाकीचे बाजूला सारले. खाण्याच्या शिस्तीवरून माणसे ओळखली गेली. मांस आणि दूध एकत्र चालत नाही, म्हणून त्यांच्या मटणाच्या रश्श्यात नारळाचे दूध पडते. कोकणाने ही सोय आयती पुरवली. बकरा-कोंबडी कापायला जाणता माणूस लागतो, आणि हे काम बऱ्याचदा सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणारा हझानच करतो. सुरीच्या धारेला बारीकशीही खाच चालत नाही. ती नखावरून फिरवून तपासतात. जनावराची फुप्फुसे पाहतात. मग मांस अर्धा तास पाण्यात आणि तासभर मिठात, रक्त पुरते निघावे म्हणून. इथे शिक्क्याची गरज पडली नाही. कापणारा कोण, तो कसा वागतो, हे सगळ्या वस्तीला ठाऊक असे.

कारखान्यात बनलेल्या अन्नाने ही ओळख तोडली. डब्यात काय गेले ते गिऱ्हाइकाला कळेना. अमेरिकेत ऑर्थोडॉक्स युनियन या ज्यू संस्थेने १९२३ साली हाइन्झच्या मालाला मान्यता दिली, तेव्हापासून वेष्टनावरच्या छोट्या चिन्हाचे राज्य वाढत गेले. आज ही तपासणी भारतातल्या निर्यात कारखान्यांपर्यंत पोचली आहे. तपासनीस प्रत्येक घटकाची यादी मागतो. चीजचे दूध फाडायला वापरलेले रेनेट कुठल्या जनावराचे की बुरशीपासून बनवलेले, ग्लिसरीन वनस्पतीचे की चरबीचे, टँकरमध्ये आधी काय भरले होते, दोन विभागांना एकाच बॉयलरची वाफ जाते का, इतक्या खोलात तो शिरतो. न कळवता येण्याचा हक्कही राखून ठेवतो. या काटेकोरपणाबद्दल मला मनापासून आदर आहे. अन्नाची एवढी चौकशी करणाऱ्या व्यवस्था जगात थोड्या आहेत.

म्हणूनच पोस्टव्हिल जिव्हारी लागले. अ‍ॅग्रीप्रोसेसर्स हा तेव्हा अमेरिकेतला सर्वांत मोठा कोशर कत्तलखाना. अल्पवयीन मुले कामाला, मजुरी बुडवणे, कामावरच्या दुखापती असे आरोप झाले. कंपनीचे त्याच वर्षी दिवाळे निघाले. ज्यू समाजातच वाद पेटला. कोशर ठरते ते पदार्थावरून, मजुरी पाहायला देशाचा कायदा आहे, असे एक बाजू म्हणाली. दुसरी बाजू म्हणाली की ज्या धर्मग्रंथात खुरांचे आणि खवल्यांचे नियम आहेत, त्यातच रोजंदाराची मजुरी सूर्य मावळायच्या आत द्यावी असेही सांगितले आहे, आणि मळणीच्या बैलाला मुसके बांधू नये असेही. खळ्यावर पात धरलेली पिढी आपल्याकडे अजून आहे. तिला हा नियम समजावून सांगावा लागणार नाही.

मिनेसोटाचे रब्बी मॉरिस ॲलन छाप्याच्या आधीपासूनच मजूर, जनावरे आणि पर्यावरण यांची वेगळी तपासणी मागत होते. त्यातून मागेन त्सेदेक हे चिन्ह आखले गेले, पण बाजारात ते रुजले नाही. उरी लत्सेदेक या संघटनेने २००९ साली ताव हायोशेर हे चिन्ह सुरू केले, तेही फक्त उपाहारगृहांपुरते. वाजवी पगार, ठरलेले तास, सुरक्षित जागा, एवढ्या तीनच गोष्टी. मला हाच मार्ग पटतो. थोडे विचारावे, पण प्रत्यक्ष भांडी घासणाऱ्याला विचारावे.

हाच प्रश्न सुप्याच्या परिसरातही पडतो. सुपे बारामती तालुक्याच्या जिरायती भागात येते. नीरेच्या कालव्याखाली मात्र ऊस. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर इथे साखर कारखाने आहेत. साध्या साखरेला कोशर ठरायला फारशी अडचण येत नाही, कारण तिच्यात आक्षेपार्ह घटक शोधावा लागत नाही. पण ऊस तोडतो कोण? बीडकडून येणारी जोडपी. त्या जोडीला कोयता म्हणतात. मुकादमाकडून हंगामाआधी उचल घ्यायची, ती तोडून फेडायची, एक दिवस आजारी पडले तर खाडा. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. साखरेच्या पोत्यावरच्या कुठल्याही शुद्धतेच्या शिक्क्यात ही बाई नाही. तिचा प्रश्न कोशरपुरता नाही. निर्यातीच्या प्रत्येक प्रमाणपत्राला तो विचारला पाहिजे, आणि आपल्या स्वतःच्या चहाच्या साखरेलाही.

सुप्याच्या उठावानंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा आला. कर्जाचा रोखा गाव-नोंदणी अधिकाऱ्यासमोर व्हावा, कोर्टाने व्यवहाराचा मागचा सगळा इतिहास उकरावा, शेतकऱ्याला पावती आणि हिशेबाचा उतारा मागता यावा, अशी त्यात तरतूद होती. त्याच धर्तीवर आज प्रमाणपत्र देणाऱ्या तपासनीसाने बॉयलरइतक्याच बारकाईने उचलीची वही मागवावी. मुकादमाने किती दिले, किती कापले, खाडा किती धरला, याचा उतारा कोयत्यातल्या दोघांच्याही हाती आहे का, ते फडात जाऊन त्या दोघांनाच विचारावे, मुकादम शेजारी उभा नसताना.