कागदावरचा गिलावा का सुटतो

भिंतीवर दहा-बारा वर्षांचा वॉलपेपर आहे, त्याचा कंटाळा आला आहे, आणि आता स्टको, टेक्स्चर किंवा चुन्याच्या सजावटी गिलाव्याची हौस आहे. अशा वेळी ‘कागद काढायची गरज नाही, वरूनच मारून देतो’ असं सांगणारा माणूस हमखास भेटतो. त्याच्या सांगण्यात तथ्य वाटतं, कारण कागद खरवडण्यात दिवस जातात, घरभर लगदा होतो आणि मजुरी वाढते. तरीही विटांच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीवर हा सल्ला मानू नये असं माझं ठाम मत आहे. गिलावा कितीही भारी घेतला, तरी तो त्याच्याखालच्या सर्वांत कच्च्या थराइतकाच टिकतो, आणि तो कच्चा थर म्हणजे कागदामागची खळ.

जुन्या भिंतीवर नवा गिलावा करण्याआधी गवंडी छिन्नीने टोचे मारतो. त्या खरबरीत खाचांमध्ये ओला माल शिरतो, वाळतो आणि भिंतीला धरून बसतो. वॉलपेपरवर हे काहीच घडत नाही. तिथे भिंत आणि गिलावा यांच्यामध्ये स्टार्चची किंवा मिथाइल सेल्युलोजची खळ असते आणि या दोन्ही पाण्यात मऊ पडतात. कागद पुढेमागे काढता यावा म्हणून ते सोयीचंच आहे. पण चुना, जिप्सम किंवा अ‍ॅक्रिलिक यांपैकी कोणताही सजावटी थर ओलाच लावावा लागतो. त्यातलं पाणी कागदात मुरतं, कागद फुगतो, खळ सैल होते. मग वरचा थर वाळताना आकसतो आणि सैल झालेल्या कागदाला जोडांपाशी ओढू लागतो. त्यात वजनाची भर पडते. एक मिलिमीटर जाडीच्या जिप्समचं वजन चौरस मीटरला साधारण एक किलो भरतं, चुना-वाळूचं त्याच्या दीडपटीहून जास्त. दहा फूट लांब, दहा फूट उंच भिंतीवर दोन मिलिमीटरचा थर दिला, तर अठरा ते तीस किलो माल अशा खळीवर टांगला जातो, जिने आजवर चौरस मीटरला काहीशे ग्रॅमचा कागद तेवढा पेलला होता. माझ्या मते वजनापेक्षा आकसणं अधिक घातक, कारण पहिल्या भेगा कागदाच्या जोडांवर सरळ उभ्या रेषेत उमटतात आणि पुढचे पोपडे तिथूनच सुटतात.

आपल्याकडच्या बाजारातल्या बहुतेक वॉलपेपरवर व्हिनाइलचा पापुद्रा असतो, त्यामुळे प्रश्न आणखी अवघड होतो. व्हिनाइल पाणी शोषत नाही, म्हणून गिलाव्याला पकड मिळत नाही, आणि भिंतीतली ओल त्याच्यामागे कोंडून राहते. मुंबई, कोकण, गोवा इथे भर पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर असते. ओल, स्टार्च आणि कागद हे बुरशीचं आवडतं खाद्य. याचा सर्वांत गंभीर दाखला एकोणिसाव्या शतकातल्या युरोपातला आहे. कार्ल शील या रसायनशास्त्रज्ञाने १७७५ च्या सुमारास तयार केलेला आर्सेनिकयुक्त हिरवा रंग पुढे वॉलपेपरमध्ये सर्रास वापरला जाऊ लागला आणि दमट खोल्यांतली माणसं आजारी पडत असल्याच्या तक्रारी आल्या. १८९० च्या दशकात इटलीतल्या बार्तोलोमेओ गोझिओ यांनी दाखवून दिलं, की आर्सेनिक मिसळलेल्या पिष्टमय खाद्यावर वाढणारी बुरशी लसणासारख्या वासाचा वायू सोडते. त्या वायूने खरोखर किती माणसं दगावली याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत, आणि आजच्या कागदात तो रंग नाही. पण ओलसर खळीवर बुरशी पोसली जाते, हे तेव्हाइतकंच आजही खरं आहे.

यावर कोणी म्हणेल, चुना बुरशी मारतो, मग भीती कशाची? ताजा चुना तीव्र क्षारधर्मी असतो हे खरं. पण हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून तो घट्ट होत जातो, तसा त्याचा क्षारपणाही उतरतो. शिवाय चुना पापुद्र्याच्या पुढे असतो आणि बुरशी मागे. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: जर्मनीत १८६४ पासून लाकडाचा चुरा घातलेला राउफाझर नावाचा कागद मिळतो आणि लोक त्याच्यावर वर्षानुवर्षं रंगाचे थर चढवतात, इंग्लंडमध्ये १८८७ मध्ये आलेल्या अ‍ॅनाग्लिप्टाचंही तसंच. मग आपणच का घाबरायचं? कारण ते कागद मुळात रंग लावण्यासाठीच बनवलेले आहेत, आणि रंगाचा थर मिलिमीटरच्या अंशाइतका पातळ असतो व लवकर वाळतो. करणीने ओढलेल्या गिलाव्याचं ओझं आणि पाणी निराळं. ऑइल किंवा शेलॅकचा प्रायमर मारून कागद बंद केला, तर समोरून येणारं पाणी अडतं हे मान्य. मात्र त्याने मागची खळ बळकट होत नाही.

एक अपवाद मला मान्य आहे. जिप्सम बोर्डाच्या पार्टिशनचा दर्शनी भाग स्वतःच कागदाचा असतो, त्यामुळे वॉलपेपर खरवडताना बोर्डही सोलला जाऊ शकतो. तिथे कागद एकपदरी, बिनव्हिनाइलचा आणि जोडांवर घट्ट असेल, टिचकी मारल्यावर कुठे पोकळ वाजत नसेल, तर प्रायमरवर पातळ अ‍ॅक्रिलिक टेक्स्चर चालू शकेल. चुना मात्र तिथेही नको.

बाकी भिंतींवर कष्ट टळत नाहीत. वरचा व्हिनाइलचा पापुद्रा बहुधा कोरडाच सोलून निघतो, आणि खालचा पांढरा कागद स्वच्छ दिसतो म्हणून पुष्कळ जण तिथेच थांबतात. तोही काढावा लागतो. आधी मेन स्विच बंद करून कोमट साबणपाणी लावावं, ते मुरलं की पत्र्याने कागद उचलावा आणि उरलेली खळ स्पंजने धुवावी. ओलं बोट फिरवल्यावर भिंत बुळबुळीत लागली, तर खळ अजून शिल्लक आहे. धुतलेली भिंत पूर्ण वाळली की प्लास्टिकचा चौकोनी तुकडा चारही बाजूंनी टेपने चिकटवून एक दिवस ठेवावा. त्याच्या आत दव जमलं, तर गळती कुठली ते शोधून ती आधी बुजवावी लागेल, आणि गिलाव्याचं काम पावसाळा सरून भिंत कोरडी होईपर्यंत पुढे ढकलावं लागेल.