स्वतःचे यंत्र आणि ‘फुकट’ कापणी

गोंदिया तालुक्यातील कामठा आणि त्याच्या आसपासच्या धानपट्ट्यात दिवाळीच्या सुमारास बांध्या पिवळ्या पडू लागल्या, की मजुरांच्या टंचाईबरोबरच एक जुना वादही डोके वर काढतो. कापणीचे यंत्र विकत घ्यावे की भाड्याने बोलवावे, असा तो वाद असून त्याचा निकाल बहुतेक वेळा एकाच वाक्याने लावला जातो: भाडे म्हणजे पाण्यात गेलेला पैसा आणि स्वतःचे यंत्र असले की कापणी फुकट. हे वाक्य पानठेल्यावर ऐकू येते, यंत्र विकणाऱ्याच्या दुकानात ऐकू येते आणि कर्जाचा अर्ज भरतानाही ऐकू येते. मात्र ते उच्चारणाऱ्यांपैकी फारच थोड्यांनी कागद-पेन्सिल घेऊन त्याचा हिशेब मांडलेला असतो.

हिशेब मांडण्याची पद्धत काही गूढ नाही. शेती यंत्रांच्या वापराचा खर्च कसा काढावा याची मार्गदर्शिका भारतीय मानक संस्थेने १९७९ सालीच ‘आयएस ९१६४’ या क्रमांकाने प्रसिद्ध केली असून तिचे सार असे, की यंत्राचा खर्च दोन भागांत विभागला जातो. पहिला भाग चल खर्चाचा, म्हणजे यंत्र चालले तरच होणारा: डिझेल किंवा पेट्रोल, वंगण, चालकाची मजुरी, दुरुस्ती. दुसरा भाग स्थिर खर्चाचा, म्हणजे यंत्र एक दिवस चालो की साठ दिवस, वर्षाला होणारच असा. त्यात पहिला येतो घसारा, म्हणजे यंत्राच्या किमतीत दरवर्षी होणारी घट. त्यानंतर गुंतलेल्या रकमेवरचे व्याज येते, मग ती रक्कम बँकेची असो वा घरची, कारण घरची रक्कमही अन्यत्र ठेवली असती तर काहीतरी देऊन गेली असती. आणि शेवटी विमा व यंत्र ठेवण्याच्या जागेचा खर्च येतो. ‘फुकट कापणी’ म्हणणारा माणूस फक्त डिझेल मोजतो आणि स्थिर खर्च डोळ्यांसमोर नाही म्हणून तो नाहीच असे समजतो.

उदाहरणादाखल रीपर घेऊ. रीपर म्हणजे धान बुडाशी कापून एका बाजूला ओळीने पाडणारे, माणसाने मागून चालत हाकायचे यंत्र. मळणी त्यात होत नाही. त्याची किंमत गणितापुरती १,२०,००० रुपये, आयुष्य १० वर्षे आणि शेवटी मोडीत मिळणारी रक्कम किमतीच्या दहा टक्के, म्हणजे १२,००० रुपये धरली, तर वर्षाचा घसारा १०,८०० रुपये होतो. सुरुवातीची किंमत आणि मोडीची रक्कम यांच्या सरासरीवर, म्हणजे ६६,००० रुपयांवर, दहा टक्के दराने व्याज ६,६०० रुपये येते आणि विमा व जागेसाठी किमतीच्या दोन टक्के धरले तर २,४०० रुपये. एकूण १९,८०० रुपये. यंत्र गोठ्याच्या पडवीत नुसते उभे राहिले तरी वर्षाला एवढी रक्कम जाते. आता भाड्याने कापणीला एकरी १,५०० रुपये पडतात आणि स्वतःचे यंत्र चालवायला इंधन व मजुरी मिळून एकरी ५०० रुपये लागतात असे धरले, तर स्वतःच्या यंत्रामुळे वाचतात एकरी १,००० रुपये. म्हणजे वर्षाला जवळपास २० एकर कापल्याशिवाय ते यंत्र स्वतःचा स्थिर खर्चही भरून काढत नाही.

हे २० एकर कोणाकडे आहेत, हा पुढचा प्रश्न. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार महाराष्ट्रातील सरासरी शेतजमीन १.३४ हेक्टर, म्हणजे सुमारे ३.३ एकर आहे आणि देशाची सरासरी त्याहूनही कमी, १.०८ हेक्टर. ३.३ एकरांच्या मालकाची वर्षाला वाचणारी रक्कम होते ३,३०० रुपये आणि ती वाचवण्यासाठी तो खर्च करतो १९,८०० रुपये. खरीप आणि उन्हाळी असे दोन्ही धान घेणाऱ्याचे क्षेत्र दुप्पट धरले तरी ६,६०० रुपयांच्या पुढे मजल जात नाही. वरच्या गणितातील किंमत आणि दर प्रत्येकाने आपापल्या गावचे घालावेत, उत्तर थोडे इकडेतिकडे सरकेल, पण ३.३ आणि २० यांमधले अंतर भावात घासाघीस करून भरून निघणारे नाही.

यावर हमखास येणारे उत्तर म्हणजे अनुदान. केंद्र सरकारचे कृषी यांत्रिकीकरण उपअभियान २०१४-१५ पासून सुरू असून त्यात वैयक्तिक यंत्रखरेदीसाठी सर्वसाधारण शेतकऱ्याला ४० टक्के, तर अनुसूचित जाती-जमाती, महिला, अल्पभूधारक व अत्यल्पभूधारक यांना ५० टक्क्यांपर्यंत साहाय्य मिळते. ‘पर्यंत’ हा शब्द येथे लक्षपूर्वक वाचायला हवा. प्रत्येक यंत्राला रकमेची कमाल मर्यादा ठरलेली असते आणि टक्केवारीने निघणारी रक्कम व ही मर्यादा यांपैकी जी कमी असेल तीच मिळते. शिवाय महाराष्ट्रात महाडीबीटी संकेतस्थळावर अर्ज, पूर्वसंमती, खरेदी, मोका तपासणी आणि त्यानंतर बँक खात्यात रक्कम असा क्रम असल्यामुळे आधी पूर्ण किंमत शेतकऱ्यालाच उभी करावी लागते. तरीही अर्धी किंमत परत मिळाली असे मानून वरचे गणित पुन्हा केले, तर घसारा ४,८०० रुपये, व्याज ३,६०० रुपये आणि विमा-जागेचे २,४०० रुपये तसेच राहून स्थिर खर्च १०,८०० रुपये होतो, म्हणजे ताळेबंद जुळायला अजूनही सुमारे ११ एकर लागतात. अनुदानाने यंत्र स्वस्त होते. शेत मोठे होत नाही. अर्ध्या किमतीत मिळाली म्हणून नको असलेली वस्तू घेणे ही बचत कशी ठरते, हे कोडे अनुदानाच्या यादीत नाव यावे म्हणून धडपडणाऱ्यांनी एकदा सोडवून दाखवावे.

अनुदान निकाली निघाले की पुढचा युक्तिवाद येतो: आपले झाल्यावर शेजाऱ्यांचे कापू, हप्ता त्यातूनच निघेल. येथे बोलणे बहुधा रीपरवरून हार्वेस्टरवर, म्हणजे कापणे, मळणे आणि पाखडणे एकाच फेरीत करणाऱ्या मोठ्या यंत्रावर आलेले असते. ओल्या बांधीत चाकांऐवजी रबरी पट्ट्यांवर चालणारा, ‘चेनवाला’ म्हणून ओळखला जाणारा प्रकार उपयोगी पडतो आणि तो साधारणपणे तासाला एकरभर कापतो. त्याची किंमत गणितापुरती २५ लाख धरली, तर याच पद्धतीने घसारा २,२५,०००, व्याज १,३७,५०० आणि विमा-जागा ५०,००० मिळून वर्षाचा स्थिर खर्च ४,१२,५०० रुपये होतो. इंधन, चालक आणि दुरुस्ती वजा जाता एकरी १,००० रुपये हाती राहतात असे मानले, तर ४१२ एकर कापावे लागतात, तेही एक पैसा नफा न होता. सकाळचे दव उतरेपर्यंत धान कापता येत नाही, म्हणून दिवसाचे आठ तास धरले, तर हे पूर्ण ५१ दिवसांचे काम झाले, ज्यात एकही पट्टा तुटता कामा नये, एकही पाऊस येता कामा नये आणि एका बांधीतून दुसऱ्या बांधीत जाताना धुऱ्यावर एक मिनिटही जाता कामा नये. एका गावाचे धान ५१ दिवस थांबत नाही.

पंजाबातील हार्वेस्टर मार्चमध्येच मध्य भारताकडे का निघतात, याचे उत्तर याच आकड्यात आहे. गहू आधी पिकणाऱ्या प्रदेशात सुरुवात करून, पिकाच्या मागोमाग प्रांत बदलत ही यंत्रे वर्षातले चालण्याचे दिवस वाढवतात आणि स्थिर खर्च हजारो एकरांवर पसरवतात. एकरी भाडे शेतकऱ्याला परवडते ते त्यामुळेच. त्या भाड्यावर ‘लूट’ म्हणून चिडणारा आणि घरच्या पाच एकरांसाठी तेच यंत्र घेऊ पाहणारा माणूस अनेकदा एकच असतो, ही मोठी गमतीची गोष्ट आहे.

आता या गैरसमजात दडलेला खरा मुद्दा मान्य करायला हवा, कारण तो टाळला तर उरलेले सगळे गणित पुस्तकी ठरेल. भाड्याचे यंत्र वेळेवर येत नाही, ही तक्रार रास्त आहे. दाण्यात २० ते २४ टक्के ओलावा असताना धान कापणे उत्तम मानले जाते. ते उभे राहून फार वाळले, तर लोंब्यांतून दाणे गळतात आणि उन्हाने दाण्याला गेलेल्या बारीक तड्यांमुळे गिरणीत कणी वाढते. अर्थशास्त्रात याला वेळ चुकण्याची किंमत म्हणतात आणि ती भाड्याच्या बाजूला मांडणे भागच आहे. परंतु तीन एकरांवरचे हे नुकसान वर्षाला दहा-पंधरा हजारांचे असेल तरच खरेदीचे समर्थन होते, आणि तेवढे नुकसान टाळण्याचे याहून स्वस्त मार्ग उपलब्ध आहेत. साकोली आणि सिंदेवाही येथील संशोधन केंद्रांतून हलके, मध्यम आणि भारी अशा वेगवेगळ्या मुदतीचे वाण निघालेले आहेत. लागून असलेल्या बांध्यांच्या मालकांनी एकाच मुदतीचे धान रोवून यंत्र एकत्रित ठरवले, तर चालकालाही फेरा परवडतो आणि तो आपण होऊन येतो. दोन एकरांसाठी धुरे ओलांडत यायला मात्र कोणीही नाखूशच असणार.

यंत्र एकत्र घेणे हा निराळा विषय आहे. त्याच अभियानात भाडेतत्त्वावरील अवजारे सेवा केंद्रासाठीही साहाय्य आहे आणि गटाकडे २५-३० एकर खात्रीचे असतील तर रीपरचे गणित जुळते. अडते ते चालकावर आणि पहिला नंबर कोणाचा यावर, म्हणून या दोन गोष्टी खरेदीपूर्वी कागदावर आलेल्या बऱ्या.

बाकीचे गैरसमज लहान आहेत. ‘हार्वेस्टरचे धान आधारभूत केंद्रावर घेत नाहीत’ हे त्यांपैकी एक. खरेदीच्या निकषांत धान कशाने कापले याचा उल्लेखच नाही. ओलावा १७ टक्क्यांपर्यंत आणि काडीकचऱ्यासारखे सेंद्रिय बाह्य पदार्थ १ टक्क्यापर्यंत चालतात. विळ्याने कापलेल्या धानाच्या कडपा बांधीत वाळतात आणि मग पुंजणे रचले जाते, म्हणून ते मळणीपर्यंत कोरडे होते. हार्वेस्टरचे धान ओलेच पोत्यात पडते. ते पसरून वाळवले नाही तर परत येणारच, मग यंत्र कोणाचेही असो.

‘भाड्यावर जीएसटी लागतो, म्हणून ते महाग’ हेही चूक. शेतमालाच्या उत्पादनाशी थेट संबंधित कापणी-मळणीची सेवा आणि शेती यंत्रे भाड्याने देणे या करातून मुक्त आहे. यंत्राच्या खरेदीवर मात्र कर आहे आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १२ वरून ५ टक्क्यांवर आला. शहरी बंगल्यापुढची हिरवळ कापणारे यंत्र आणि हार्वेस्टर ही दोन्ही करवर्गीकरणात ८४३३ या एकाच शीर्षकाखाली येतात. धान हेही तृणकुळातलेच असल्याने वनस्पतिशास्त्राची त्याला हरकत नसावी.

‘मोठे यंत्र सगळीकडे चालते’ असे मानणाऱ्यांनी उतेऱ्याचा विचार करावा. उतेरा म्हणजे धान कापणीपूर्वी काही दिवस उभ्या पिकात, ओलीवर, लाखोडी किंवा जवसाचे बी फेकून घेतलेले दुसरे पीक. कापणीच्या वेळी धानाच्या बुडाशी त्याची बोटभर रोपे उभी असतात, आणि हार्वेस्टर फिरला की पट्ट्याखालची ओळच्या ओळ चिखलात जाते. अशा बांधीत विळाच चालतो. तणसाचेही तसेच आहे: रीपरने कापलेल्या धानाचे तणस लांब आणि सलग मिळते, हार्वेस्टर ते तुकडे करून विखरून टाकतो, आणि ज्याच्या गोठ्यात बैल किंवा म्हैस आहे त्याला तो चारा पुढे विकत घ्यावा लागतो. हा खर्च ना भाड्याच्या पावतीवर दिसतो ना यंत्राच्या बिलावर.

‘यंत्र उभे राहिले तर झिजत नाही’ हा समज तर सर्वांत महाग पडतो. अकरा महिने उभ्या असलेल्या रीपरच्या कापणी पट्टीवर गंज चढतो, कार्ब्युरेटरमध्ये राहिलेले पेट्रोल चिकट होऊन बारीक छिद्रे बुजवते, रबरी पट्टे कडक होतात आणि उंदीर वायर कुरतडतात. ऑक्टोबरमध्ये दोरी ओढून यंत्र सुरू होत नाही तेव्हा गोंदियातला मेकॅनिकही इतर पन्नास जणांच्या अशाच यंत्रांत अडकलेला असतो.

याच निकषावर एक यंत्र मात्र खरेदीच्या बाजूने उभे राहते, ते म्हणजे खांद्याला अडकवून चालवायचा ब्रश कटर. १५,००० रुपये किंमत, पाच वर्षे आयुष्य आणि मोडीचे दहा टक्के धरले, तर त्याचा वर्षाचा स्थिर खर्च ३,८०० रुपयांच्या आसपास पडतो. धुऱ्यावरचे गवत पावसाळ्यात दर महिन्याला वाढते, उन्हाळी धानाच्या वेळी पुन्हा वाढते, गुरांसाठी हिरवा चारा रोजच लागतो आणि घरामागची वाडीही असते. या कामासाठी यंत्रासह माणूस बोलावण्याचे दिवसाला ४०० रुपये जरी वाचले, तरी वर्षात दहा दिवस चालवून तो खर्च भरून निघतो, आणि दहा दिवस तो कोणत्याही घरी सहज चालतो.