पुरात गाडी कुठं होती?

सकाळचे साडेसात. पलूसकडून कुंडलला येणाऱ्या रस्त्याच्या कडेला पत्र्याचं शेड, आणि पुढचं अंगण ऑइल पिऊन पिऊन डांबरासारखं झालेलं. जानेवारीची थंडी अजून हटलेली नाही. गळीत हंगाम भरात आहे. दर पाच मिनिटांनी उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर जातो. आधी त्याच्यावरचं गाणं येतं, मग तो येतो, मग रस्त्यावर सांडलेली दोन-चार कांडकी उरतात.

अंगणात चंदेरी वॅगन आर उभी आहे. २०१३ची, पेट्रोलवरची, सांगली पासिंग. तिच्या एका अंगाला मालक, म्हणजे तात्या: पांढरी टोपी, स्वेटर, खांद्यावर टॉवेल, मुठीत किल्ली. दुसऱ्या अंगाला माझी अक्का आणि दाजी. गाडी हवी आहे ती अक्काला. रोज स्कूटरवरून तासगावला शाळेत जाते, आणि ट्रॉल्यांच्या मागं धूळ खाऊन विटली आहे. दाजींना गाडी नको आहे, पण तसं न म्हणता ते ‘बघू की’ म्हणतात. मी सांगलीहून आलोय, घरातला जाणकार म्हणून. जुन्या गाड्यांबद्दल छापलेलं बरंच वाचलंय. स्पॅनर मात्र अजून हातात धरलेला नाही.

मिस्त्री शेडमधून येतात. कुणाकडं न बघता थेट बॉनेटवर उलटा हात ठेवतात, तवा तापला का बघावं तसा.

“गरम हाय.”

“आवं, भिलवडीस्नं चालवतच आणली न्हवं का,” तात्या म्हणतात.

“म्हणून तर काल फोनवर म्हणलं हुतं, रातीच आणून लावा. आता नऊ-साडेनऊपतोर इंजनाला हात लावायचा न्हाई.”

दाजी घड्याळ बघतात. मिस्त्री त्यांना समजावतात, “दुखणाईत माणूस सकाळी उठताना कण्हतंय. दुपारी चावडीवर गप्पा मारत बसतंय. आपल्याला सकाळचंच बघायचंय.” गार इंजन पहिल्या झटक्यात सुरू होतं का, धूर निळा येतो का, सुरू होताना चेन खडखडते का, हे तापलेल्या इंजनात झाकून जातं. विकणाऱ्यांना ही युक्ती ठाऊक असते. तात्यांनी मुद्दाम केलं असेल असं त्यांच्या तोंडावरून वाटत नाही. पण तोंड बघून गाडी घ्यायची तर मिस्त्री कशाला हवा?

चहा येतो. मिस्त्री कप बॉनेटवर टेकवतात आणि आज पहिल्यांदाच तात्यांच्या डोळ्यांत बघतात.

“तात्या, एकोणीसच्या पुरात गाडी कुठं हुती?”

अंगण गप्प होतं. आमच्या जिल्ह्यात हा प्रश्न जुनी गाडी घेताना किलोमीटरच्या आधी विचारतात. ऑगस्ट २०१९मध्ये सांगलीला आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी ४५ फूट. भिलवडीत घरांत पाणी होतं, आणि याच पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला माणसांनी भरलेली नाव उलटली. त्या दिवसांत गाड्यांचा विचार करायला कुणाला सवड नव्हती. त्या जिथं होत्या तिथं बुडाल्या. पाणी उतरल्यावर सीटवर गाळ घेऊन निघाल्या. काही विम्यात ‘टोटल लॉस’ धरल्या गेल्या. अशा गाड्या भंगार म्हणून लिलावात जातात, कुणी तरी धुऊन-पुसून, वायरिंगला गाठी मारून उभ्या करतं, आणि त्या दुसऱ्या जिल्ह्यात ‘एका हाताची, डॉक्टरची गाडी’ होऊन विकल्या जातात. दोन वर्षांनी, २०२१च्या जुलैत, पाणी पुन्हा आलंच.

तात्या चहाचा घोट घेतात. “हितंच हुती.”

“हितं म्हंजे?”

“कुंडलात. पाव्हण्यांच्या गोठ्यात. पाणी चढाय लागलं तसं म्हसरं आन् गाडी, दोन्ही घिऊन आलो वर. म्हसरं ट्रकात, गाडी मागनं. सात दिवस म्हशीशेजारी उभी हुती.”

दाजी हसतात. मिस्त्री हसत नाहीत. “बघतो,” एवढंच म्हणतात आणि पोराला हाक मारतात.

मग सुरू होते ती झडती. ड्रायव्हरच्या सीटचा बेल्ट ते ओढतात. ओढतात, ओढतात, अगदी शेवटपर्यंत. पाण्यात बुडालेल्या गाडीचं सगळं धुतलं जातं, पण बेल्टचं रिळाच्या आत गुंडाळलेलं शेवटचं वीतभर टोक धुवायचं राहतं, आणि तिथं गाळाची रेघ असते. रेघ नाही. बाकीचे बेल्ट बघतात. नाही. सीट मागं सरकवून खालच्या रुळांवर बॅटरी मारतात. धूळ आहे, एक वाळका बेदाणा आहे, लाल गंज नाही. पोरगं पायाखालचं मॅट उचलून गालिच्याची कड मोकळी करतं. मिस्त्री बोटांनी खालचा फोम दाबतात, वास घेतात. डॅशबोर्डखाली डोकं घालून वायरींचे जोड बघतात. पाणी शिरलेल्या जोडाला हिरवट कळा येते. इथं तांबं लखलखीत आहे. शेवटी किल्ली नुसती फिरवून, इंजन सुरू न करता, पंखा चारवर टाकतात आणि जाळीला नाक लावतात.

“काय येतंय?” मी विचारतो.

“उदबत्ती,” मिस्त्री म्हणतात.

तात्यांचा जीव भांड्यात पडतो. दाजींचा चेहरा किंचित पडतो.

मिस्त्रींचे वडील किर्लोस्करवाडीला कामाला होते. १९१०मध्ये वाडी वसली आणि लोखंडी नांगर तिथून गावोगाव गेले. त्यानंतरच्या शंभर वर्षांत लोखंडाला कान लावायची सवय या भागात किती घरांत गेली असेल कुणास ठाऊक. मिस्त्री दारांवर टिचक्या मारत गाडीभोवती फिरतात. पुढच्या डाव्या दारावर आवाज बसका येतो. खिशातलं लोहचुंबक तिथं लावतात, ते घसरतं. म्हणजे पत्र्यावर पुट्टी. बॉनेटच्या बिजागरीचे बोल्ट बघतात, रंग तुटलेला नाही. दारांचं रबर उपसून खांबांचे वेल्डचे ठिपके बघतात, कंपनीचे गोल ठिपके जागच्या जागी. “दार घासलंय, सांगाडा हलल्याला न्हाई. काय लागलं हुतं?”

“ट्रॉली,” तात्या म्हणतात. आणखी काही सांगायची गरज पडत नाही.

टायरवर बोट फिरवत मिस्त्री मला चार आकडे वाचायला लावतात. ३५२१. पस्तिसावा आठवडा, सन २०२१. पुढची जोडी ती. मागच्या जोडीवर १८१६. “नक्षी हाय म्हणून फसायचं न्हाई, ताई. दहा वर्सांचा टायर. रबर वाळलंय.” अक्का वहीत लिहिते. शाळेतली वही आहे, डावीकडं समास आखलेला.

मीटरवर ६८ हजार. आकडा मागं घेता येतो, सगळ्यांना माहीत आहे. म्हणून मिस्त्री मीटरकडं ढुंकूनही बघत नाहीत. क्लचच्या पेडलचं रबर बघतात, स्टिअरिंगची डाव्या-उजव्या हाताची जागा किती गुळगुळीत झालीय ते बघतात, आणि तात्यांकडून सर्व्हिसच्या पावत्यांची पिशवी मागून घेतात. पावत्या २०२०पर्यंत सलग आहेत. पुढं तुटक. “पोरगा पुण्याला गेला, मग कोण बघतंय,” तात्या म्हणतात.

आता मागं, डिकी. मिस्त्री मॅट उचलतात, फळी उचलतात, स्टेपनी बाहेर काढतात.

आणि थांबतात.

स्टेपनीच्या खळग्यात पांढरे पापुद्रे धरलेत, खाली तपकिरी पोपडे. मिस्त्री स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवतात. टोक आत जातं. सहज, शिळ्या भाकरीत जावं तसं. खाली जमीन दिसते.

“घ्या!” दाजी म्हणतात. दीड तासात पहिल्यांदा त्यांच्या आवाजात जान आलेली आहे. “पुराचं पाणी न्हवं तर काय हाय हे?”

मिस्त्री चिमटीत पांढरी भुकटी घेतात, चोळतात. “तात्या, खत कुठलं वाहिलं?”

तात्या टोपी काढून डोकं खाजवतात. “युरिया. मधनंअधनं पोटॅश. आता दोन पोत्यांसाठी ट्रॅक्टर कुठं काढायचा? मागली सीट पाडली की बसतंय.”

युरियाचं पोतं ४५ किलोचं. वजनाचं काही नाही, चार माणसं बसतातच. पण खत हवेतलं पाणी ओढून घेतं. सांडलेली मूठभर दाणेदार भुकटी पावसाळ्यात खारट चिखल होते, आणि पोटॅश म्हणजे तर क्षारच. पत्र्याला ते मिठागरासारखं खातं. मॅट वरून स्वच्छ, खाली बारा वर्षं हे चाललेलं.

“पुराचं पाणी आठ दिसांत उतरतंय, तात्या,” मिस्त्री म्हणतात. “हे उतरलंच न्हाई.”

जमलेल्या दोघा-तिघांतला एक म्हातारा पुढं होऊन भोकातून बघतो आणि मान हलवतो. १९४३नंतर प्रतिसरकारच्या काळात कुंडल हे त्या कारभाराचं मुख्य ठाणं होतं, आणि गावोगाव लोकांचीच न्यायमंडळं बसत. म्हाताऱ्याच्या मान हलवण्यात त्यातलं काही उतरलेलं आहे असं मला उगाच वाटतं. निकाल मात्र तो अर्धाच देतो: “पत्रा कापून जोडता येतोय की.”

सव्वानऊ. बॉनेट गार. मिस्त्री स्वतः किल्ली फिरवतात. इंजन अर्ध्या आवर्तनात पकडतं. सगळे मागं सायलेन्सरपाशी. धूर दिसतो, पांढरा, विरळ. थंडीतली वाफ, दोन मिनिटांत नाहीशी. ऑइलचं झाकण काढून मिस्त्री तळहात तोंडावर धरतात. खालून वाऱ्याचे धक्के येत असतील तर रिंगा गेल्या. येत नाहीत. झाकणाच्या आत दुधाळ सायही नाही, म्हणजे पाणी ऑइलमध्ये मिसळत नाही.

“थरथरतंय जरा,” अक्का म्हणते.

“तीन सिलिंडरचं हाय, ताई, तेवढं थरथरणारच. टायमिंगला बेल्ट न्हाई, चेन हाय. ऑइल येळेवर बदला, चेन तुमच्या नोकरीपतोर पुरंल.” पेट्रोलच्या नळ्या मात्र ते वाकवून बघतात. पंपावर आता २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं आणि ही गाडी त्याच्या आधीची. रबर लवकर कडक होऊ शकतं, ॲव्हरेजही थोडं कमी. “आपलाच ऊस, आन् आपल्याच नळ्या खातोय,” मिस्त्री म्हणतात. बाहेरून तेवढ्यात ट्रॅक्टर जातो.

चालवायला अक्का बसते. मिस्त्री शेजारी, तात्या आणि मी मागं. डोंगराच्या बाजूच्या चढाला मिस्त्री गाडी थांबवायला लावतात, हँडब्रेक ओढायला सांगतात. “आता तिसरा टाका आन् क्लच हळूहळू सोडा.” गाडी एक गचका देऊन बंद पडते. अक्का दचकून ‘चुकलं’ म्हणते. “चुकलं न्हाई. बंद पडली म्हंजे क्लच प्लेट धरतीया. फिरत ऱ्हायली असती तर सात-आठ हजाराला मुकला असता.” मोकळ्या जागेत स्टिअरिंग पूर्ण वळवून गोल फेरी. उजवीकडं काही नाही. डावीकडं चाकातून कट, कट, कट. “एक्सल. लिव्हा.” खड्ड्यात पुढून धबक. “लोअर आर्मचं बुश. लिव्हा.”

“आजवर कधी मागं बसून ऐकलं न्हवतं,” तात्या पुटपुटतात.

परत आल्यावर कागद. आर.सी.वर अजून बँकेचा बोजा आहे. कर्ज कधीच फिटलंय, बोजा उतरवायचं राहिलंय. मी इथं एकदाचा जाणकार होतो: बँकेचं ना हरकत पत्र आणि फॉर्म ३५ आल्याशिवाय पैसे नाहीत, २९ आणि ३०वर सह्या करून कागद नुसते देऊन ठेवायचे नाहीत, नावावर चढवायचेच. हे तात्यांच्याही भल्याचं आहे. २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की गाडी विकली तरी नोंद ज्याच्या नावावर, अपघातात तो जबाबदार. तात्या एवढं ऐकून किल्ली स्वतःच्याच खिशात टाकतात.

मग भाव. तात्या दोन लाख चाळीस म्हणतात. अक्का वही उघडते: डिकीचा पत्रा, दोन टायर, एक्सल, बुश. दाजींनी आता बाजू बदलली आहे. भोक सापडल्यापासून त्यांना गाडीत रस वाटू लागलाय. तात्या खांद्यावरचा टॉवेल हातावर घेतात आणि तो हात दाजींपुढं करतात. खरसुंडीच्या जनावरांच्या बाजारात असंच चालतं, टॉवेलाखाली बोटं धरून भाव, चारचौघांना न कळता. दाजी नकळत हात पुढं करतात.

“तात्या,” अक्का म्हणते, “पैसे मी देणार आहे.”

टॉवेल परत खांद्यावर जातो. उघड्यावर, सगळ्यांच्या देखत, दोन लाख दहावर जमतं. पाच हजार इसार. बाकी बोजा उतरल्यावर.

तात्या गाडीत बसतात, स्टेपनी आत आहे ना विचारतात, आणि निघतात. रस्त्याला लागताना ट्रॉल्या येतात म्हणून ब्रेक मारतात. अक्का डोळ्यांवर हात धरून बघत असते.

“मिस्त्री, मागचा डावा लाइट लागत न्हाई.”

“बल्ब असंल. तीस-चाळीस रुपयं.”

अक्का वही उघडते, आणि ट्रॉल्यांच्या धुळीत दिसेनाशा झालेल्या गाडीकडं बघत लिहून ठेवते.