घरच्या पडवीत पट्ट्यांची नाव

खानदेश म्हटला म्हणजे कापूस, केळी, वांग्याचे भरीत आणि वैशाखातील ऊन एवढ्याच गोष्टी बाहेरच्या मनुष्यास आठवतात. अशा समुद्रापासून दूरच्या मुलखातील एका निवृत्त शिक्षकाने नौकाबांधणीवर लिहावे, हे कित्येक वाचकांस चमत्कारिक वाटेल. परंतु ज्या प्रांतातून सूर्यकन्या तापी वाहते, पूर्णा, वाघूर, गिरणा व पांझरा ज्या तापीस मिळतात, आणि जेथे हतनूर व वाघूर ह्यांसारखे विस्तीर्ण जलाशय झाले आहेत, त्या प्रांतास पाण्याचे वावडे नाही. वावडे असलेच तर ते आपणां सुशिक्षितांच्या घरांस आहे. पाणी आपण घागरीत, नळात आणि तीर्थाच्या पळीत ओळखतो. त्यावर वावरण्याची विद्या आपण दुसऱ्यांकडे सोपविली आहे. हीच गोष्ट हत्यारांची. करवत कोणत्या हाताने धरावी हे ठाऊक नसलेले पदवीधर आपल्या घरोघर आहेत. ही दोन्ही न्यूने एकाच उद्योगाने कशी भरून निघतील, हे ह्या लेखात सांगावयाचे आहे.

आमच्या वाघूर नदीचा विचार करा. जळगाव शहरास पाणी पुरविणारी ही नदी अजिंठ्याच्या लेण्यांखालच्या दरीतून वळण घेऊन येते. त्या लेण्यांपैकी दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात तीन डोलकाठ्यांचे एक जहाज चितारलेले आहे. त्या पाचव्या शतकातील चित्रावरून, कोणताही जुना आराखडा हाती नसताना, आपल्या काळात खरे जहाज बांधले गेले. केरळचे कारागीर बाबू शंकरन ह्यांच्या नेतृत्वाखाली गोव्यात फळ्यांस फळ्या काथ्याने शिवून ते सिद्ध झाले आणि २१ मे २०२५ रोजी कारवार येथे ‘कौंडिण्य’ ह्या नावाने नौदलात दाखल झाले. ज्या नदीकाठी ते चित्र आहे त्याच नदीचे पाणी पिणाऱ्यांनी नौका म्हणजे परकी वस्तू असे का मानावे?

आपणांस अर्थात जहाज बांधावयाचे नाही. एका मनुष्यास बसता येईल अशी अरुंद, वरून झाकलेली आणि दोन्ही टोकांस पाते असलेल्या वल्ह्याने चालणारी ‘कयाक’ नावाची होडी आपल्या पडवीत सहज मावते. ही मूळची उत्तर ध्रुवाकडील इन्युइट लोकांची. त्या हिमप्रदेशात वृक्ष नाहीत. म्हणून वाहून आलेल्या लाकडांचा सांगाडा करून त्यावर सीलचे कातडे ताणीत आणि तीतून शिकारीस जात. १८६५ साली जॉन मॅकग्रेगर नावाच्या एका ब्रिटिश वकिलाने त्या धर्तीवर पंधरा फूट लांब व अठ्ठावीस इंच रुंद लाकडी होडी करविली आणि तीत बसून युरोपातील नद्या व सरोवरे पालथी घातली. तेव्हापासून हौसेने नाव वल्हविण्याचा प्रघात पांढरपेशा वर्गात पडला.

पट्ट्यांची कयाक ही तिचीच आजची एक आवृत्ती. सुमारे सतरा फूट लांब, म्हणजे साडेअकरा हातांच्या आतबाहेर, आणि तेवीस इंच रुंद असे तिचे सर्वसाधारण मान असते. भोजराजाच्या नावावर असलेल्या ‘युक्तिकल्पतरु’ ह्या संस्कृत ग्रंथात ‘दीर्घा’ वर्गातील नौकांची रुंदी लांबीच्या अष्टमांश सांगितली आहे. आपल्या कयाकेचे प्रमाणही त्याच्याच आसपास येते. लांब व अरुंद नाव पाणी कमी विस्कटते, म्हणून थोड्या श्रमात पुढे जाते; मात्र ती डुलतेही अधिक.

त्याच ग्रंथात लाकडाचे चार वर्ग केले आहेत. वर्गांस दिलेली नावे बाजूस ठेवून नुसते गुण पाहिले तर ती विभागणी आजही उपयोगी पडते. हलके व मऊ, हलके व कठीण, जड व मऊ, जड व कठीण असे ते चार प्रकार. मोठ्या नौकेस ग्रंथकार हलके व कठीण लाकूड पसंत करतो. आपल्या कामास मात्र हलके, मऊ आणि सहज सांधले जाणारे लाकूड हवे. अमेरिकेत ह्यासाठी तांबडे सीडर वापरतात. आपल्या सातपुड्याचा साग टिकाऊपणात अद्वितीय खरा, पण तो सीडरच्या जवळजवळ पावणेदोनपट जड आणि अंगचा तेलकट, त्यामुळे त्यावर राळ नीट धरत नाही. त्यापेक्षा शिवण बरी. ती वजनास हलकी असून वाळल्यावर फारशी वेडीवाकडी होत नाही. दोन जातींची लाकडे एका नौकेत एकत्र करू नयेत असे भोजाचे मत आहे. येथे तेवढी मोकळीक घेण्यास हरकत नाही, कारण वरून लेप बसल्याने फिकट व गडद पट्ट्यांचा मेळ टिकतो आणि शोभतोही.

आता कृती. प्रथम खात्रीचा नकाशा मिळवावा. अंदाजाने आकार काढू नये. एका सरळ लांब तुळईवर, फूटफूट अंतराने, नावेच्या त्या त्या ठिकाणच्या आडव्या छेदाच्या आकाराचे प्लायवुडचे साचे उभे करावे. हे साचे एका ओळीत आले नाहीत तर पुढील सर्व श्रम वाकडे जातात; म्हणून येथे दोरी व ओळंबा लावून दोन दिवस अधिक गेले तरी चालतील. मग पाव इंच जाड व पाऊण इंच रुंद पट्ट्या सुताराच्या यंत्रावर कापून घ्याव्या. प्रत्येक पट्टीची एक कड फुगीर व दुसरी खोलगट करावी, म्हणजे वळणावरही एकीची कड दुसरीत फट न राहता बसते. सतरा फुटांची अखंड पट्टी मिळणे कठीण. तेव्हा जाडीच्या आठपट लांब तिरपा काप घेऊन दोन पट्ट्या सांधाव्या. कडेस गोंद लावून एकेक पट्टी साच्यांवर बसवावी आणि गोंद वाळेपर्यंत दोऱ्यांनी व शिकंज्यांनी आवळून ठेवावी. तळ व झाकण हे दोन भाग निरनिराळे करून शेवटी जोडावयाचे असतात. सर्व मिळून दोनशे ते तीनशे तासांचे हे काम आहे.

पट्ट्या बसल्या की रंध्याने व काचकागदाने पृष्ठभाग सारखा करून आतून व बाहेरून काचतंतूंचे विरळ कापड इपॉक्सी राळेने चिकटवितात. राळ मुरताच कापड पारदर्शक होते आणि लाकडाचे रेषाजाल दिसू लागते. खरी शक्ती येथे उत्पन्न होते. कापडाचे दोन पापुद्रे ताण व दाब सोसतात आणि मधले लाकूड त्यांस एकमेकांपासून दूर धरून ठेवते. बोटाने मोडेल अशा पट्ट्यांची ही नाव सुमारे वीस किलो वजनात एक जाणता मनुष्य घेऊन तरते, ते ह्या योगाने.

खानदेशच्या हवेत राळेचे काम विशेष जपून करावे. उष्णता दहा अंशांनी वाढली की राळ गोठण्याचा काळ साधारण निम्मा होतो. वैशाखात तर ती वाटीतच तापून घट्ट होईल. म्हणून हे काम दिवाळी ते माघ ह्या काळात करावे, पण डब्यावर लिहिलेल्या किमान उष्णतामानाखाली करू नये. राळ लावण्यास दुपार कलल्यानंतरची वेळ उत्तम. सकाळी उष्मा चढत असता लाकडातील हवा प्रसरण पावते आणि लेपात बुडबुडे येतात. उतरत्या उष्म्यात ते येत नाहीत. कच्ची राळ अंगास लागू देऊ नये; हातमोजे घालावे, घासताना नाकातोंडावर योग्य मुखपट्टी बांधावी, आणि हे काम माजघर व स्वयंपाकघर ह्यांपासून दूर, मोकळ्या हवेत करावे. उन्हाने ही राळ खराब होते, म्हणून शेवटी ऊन सोसणारे वॉर्निश अवश्य द्यावे.

कोणी विचारील की प्लॅस्टिकची होडी बाजारात मिळत असता हा खटाटोप कशास? त्याचे उत्तर एकत्र कुटुंबात आहे. एक पट्टी बसविण्यास एका वेळी तीन माणसे लागतात: एकाने टोक धरावे, दुसऱ्याने गोंद लावावा, तिसऱ्याने आवळावे. काका, पुतण्या, सुटीस आलेली भाची आणि चष्मा लावून मापे तपासणारे आजोबा अशा चौघांस एकाच कामावर रोज तासभर एकत्र आणील असे दुसरे साधन आज घरात क्वचितच उरले आहे. लहानांस भूमिती येथे हातांनी कळते. मात्र ओळखीच्या एखाद्या सुतारास आरंभीच गुरू करावे, आणि त्याचा मान शाळेतील गुरुजींइतकाच ठेवावा. आपण पोथीतील विद्येस विद्या म्हणालो आणि हातातील विद्येस मजुरी म्हणालो, त्याचे फळ आपली मुले आज भोगीत आहेत.

नाव झाली म्हणजे लगेच पाण्यात घालण्याची घाई करू नये. धरणात बुडालेल्या मुलांच्या वार्ता दर वर्षी वर्तमानपत्रांत येतात, आणि त्या घरांचा शोक शब्दांत येत नाही. ज्यास पोहता येत नाही त्याने कयाकेत पाऊल टाकू नये. ही होडी उलटते. उलटल्यावर डोके पाण्याखाली असता शांतपणे बाहेर कसे पडावे, हे कमरेइतक्या पाण्यात जाणत्याच्या देखरेखीखाली अनेकदा घटवून घ्यावे. पुढील व मागील टोकास आडभिंती घालून हवाबंद कप्पे ठेवावे, म्हणजे पाणी भरले तरी ती बुडत नाही. जीवरक्षक जाकीट पट्टीच्या पोहणाऱ्यानेही घालावे. पावसाळ्यात तापीचे नाव काढू नये, आणि धरणाच्या दरवाजांच्या वर वा खाली केव्हाही जाऊ नये. जलाशयावर जाण्यापूर्वी जलसंपदा विभागाची अनुमती घ्यावी आणि तेथील भोई किंवा कोळी बांधवांस विचारावे. बुडालेली झाडे कोठे आहेत, जाळी कोठे लावली आहेत, वारा कोणत्या प्रहरी उठतो, हे त्यांच्याइतके कोणासही ठाऊक नसते. हतनूरच्या पाण्यावर हिवाळ्यात दूरदेशीचे पक्षी उतरतात. त्यांच्या थव्यांपासून दूर राहावे.

ज्यांस एवढे मोठे काम एकदम अंगावर घेण्याचा धीर होत नसेल त्यांनी वल्ह्यापासून आरंभ करावा. सुमारे सात फूट लांबीचे, दोन्ही टोकांस पाते असलेले वल्हे एक चांगली फळी, करवत, रंधा व कानस एवढ्या साहित्यात दिवाळीच्या सुटीत पुरे होते. ते मध्यावर एका बोटावर तोलून धरावे. दोन्ही बाजू सारख्या तोलल्या गेल्या तर पुढच्या वर्षी साचे कापावयास घ्यावे. नाही तोलल्या गेल्या, तर जड बाजूवरून रंधा आणखी थोडा फिरवावा.