विद्युत मोटारीच्या चार्जिंगचा खर्च

पुण्यातील खराडीत महावितरण या वीज वितरण कंपनीचा वीजपुरवठा असून विजेचे दर महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग ठरवतो. वीज युनिटमध्ये, म्हणजे किलोवॅट-तासांत मोजली जाते. ३० युनिट क्षमतेची बॅटरी पूर्ण भरताना काही वीज उष्णतारूपाने वाया जात असल्यामुळे मीटरवर सुमारे ३३ युनिटांची नोंद होते. उदाहरणादाखल दर युनिटमागे १० रुपये धरल्यास हा खर्च ३३० रुपये होतो आणि मोटार २०० किलोमीटर धावल्यास तो किलोमीटरमागे १ रुपया ६५ पैसे पडतो.

घरगुती दर मात्र टप्प्यांचे, म्हणजे वापर वाढेल तसे चढत जाणारे असल्याने, महिन्याकाठी मोटारीसाठी लागणारे शंभर-दीडशे युनिट घरच्या मीटरवर आले, तर ते वरच्या, महाग टप्प्यात मोजले जाण्याची शक्यता असते. म्हणून गृहनिर्माण संस्थेत चार्जिंगच्या स्वतंत्र वर्गवारीतील मीटर घेण्याचा पर्याय तपासणे हिताचे ठरते. सार्वजनिक जलद चार्जिंग केंद्रात विजेच्या दरात यंत्रणेचा व जागेचा खर्च, चालकाचा नफा आणि वस्तू व सेवा कर मिळवला जात असल्याने तेथील युनिट सहसा अधिक महाग पडते.