दुसरा हात

इंजेक्शन देणाऱ्याची सुई उजव्या हातात असते, म्हणून बघणाऱ्याचं लक्षही तिकडेच जातं. चेन्नईजवळच्या आवडीतल्या एका नर्सिंग कॉलेजात, प्रात्यक्षिकाच्या खोलीत, ट्यूटर मॅडमची नजर मात्र मुलींच्या डाव्या हातावर असते. ‘हाड सापडलं का? दाखव,’ हा त्यांचा पहिला प्रश्न. उत्तर बोटाने द्यायचं, तोंडाने नाही. तोवर सुईचं टोपण निघालेलंही नसतं.

रणगाड्यांच्या कारखान्यातल्या नोकरीमुळे आमचं बिऱ्हाड आवडीत आलं. खडकी, अंबरनाथ, वरणगावहून बदलून आलेली मराठी घरं इथे नवीन नाहीत. घरात इन्शुलिन घेणारं माणूस असल्यामुळे हे काम नीट बघावंसं वाटत होतं आणि मॅडमनी मागच्या बाकावर बसू दिलं.

दंडावरचं इंजेक्शन सगळ्यांत सोपं समजलं जातं. खांद्याच्या हाडाचं बाहेरचं टोक चाचपायचं, तिथून दोन-तीन बोटं खाली यायचं, काखेच्या रेषेच्या वर थांबायचं. या एवढ्याशा जागेत सुई नव्वद अंशांत, सरळ. जागा फार वर धरली तर औषध स्नायूऐवजी सांध्याजवळच्या पिशवीत उतरू शकतं आणि खांदा महिनोन्‌महिने दुखत राहतो. फार खाली, मागच्या बाजूला गेलं तर दंडाच्या हाडाला वळसा घालून जाणारी नस आहे. 2021 साली करोनाची लस घेताना काढलेले फोटो आठवून पाहा, कितीतरी बाह्या अर्ध्याच सरकवलेल्या दिसतील. मॅडमचा नियम कडक आहे: बाही पूर्ण वर, नाहीतर हात बाहीतून बाहेर. खांद्याचं टोक दिसत नसेल तर टोचायचं नाही.

खुब्यावर आल्यावर मुली गोंधळतात. नितंबाचे मनातल्या मनात चार भाग करून वरच्या बाहेरच्या भागात टोचायची जुनी पद्धत आहे. पण त्याच परिसरातून पायाकडे जाणारी सायटिक नस जाते. तिला धक्का लागला तर पाऊल लुळं पडतं, आणि ते पुन्हा उभं राहीलच असं नाही. म्हणून शिकवतात ती बाजूची जागा, स्विस शरीररचनातज्ज्ञ फॉन होखस्टेटर यांनी 1950च्या दशकात सुचवलेली. रुग्णाच्या उजव्या खुब्यासाठी आपला डावा तळवा मांडीच्या हाडाच्या बाहेरच्या उंचवट्यावर ठेवायचा. तर्जनी कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकाकडे, मधलं बोट त्याच हाडाच्या कडेने मागे ताणलेलं. दोन बोटांमध्ये जो कोन होतो त्याच्या मध्यावर सुई. तिथे मोठी नस नाही, मोठी रक्तवाहिनी नाही आणि स्नायू भरपूर आहे. मुलींना भीती वाटते ती आपलीच बोटं टोचली जातील याची. एकीने तर पुतळ्यावर जागा अचूक शोधली आणि टोचायच्या क्षणी हातच काढून घेतला; जागा हरवली. मॅडमनी तिला पुन्हा हाड शोधायला लावलं, पुन्हा आणि पुन्हा, सिरिंज हातात न देता.

वॉर्डात मात्र वेगळंच चालतं. रुग्ण सवयीने पालथा होतो, लुंगीची गाठ सैल करतो आणि घाईतल्या सिस्टरलाही नितंबावरची ती जुनीच जागा ओळखीची असते. शिकाऊ मुलगी तिथे काय बोलणार? मला वाटतं, या विद्येतली सर्वांत अवघड गोष्ट हीच आहे. बाजूची जागा माहीत असते, पण ती वापरायला वॉर्डाने मुभा द्यावी लागते.

चरबीतल्या इंजेक्शनला डाव्या हाताचं काम बदलतं. चिमटीत कातडी उचलायची, खालचा स्नायू सोडून द्यायचा. घरी आम्ही ते रोज करत होतो, पण टोचण्याआधी पोटावरून बोटं फिरवून गाठी शोधायच्या असतात हे इथे कळलं. एकाच ठिकाणी टोचत राहिलं की तिथे चरबीची गाठ धरते. ती दुखत नाही, म्हणून माणूस तिथेच टोचत राहतो आणि इन्शुलिन नीट लागू पडत नाही. दुसरा धोका सिरिंजचा. आपल्याकडे 40 आणि 100 अशा दोन ताकदींचं इन्शुलिन मिळतं. 40ची सिरिंज लाल टोपणाची, 100ची नारिंगी. लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये 100चं इन्शुलिन भरलं तर त्याच रेघेवर अडीचपट डोस जातो. मॅडम दोन्ही सिरिंज शेजारी ठेवून हा हिशेब मुलींकडून मोठ्याने करून घेतात.

सगळ्यांत नाजूक काम कातडीतल्या इंजेक्शनचं, म्हणजे बीसीजी या क्षयाच्या लसीचं. डाव्या हाताने दंड खालून धरून कातडी ताणायची. सुईचं तिरपं तोंड वर, कोन दहा-पंधरा अंश, सुई जवळजवळ आडवी. नवजात बाळाला 0.05 मिलिलिटर, महिन्यानंतर 0.1. दट्ट्याला विरोध जाणवला पाहिजे. तो सहज पुढे सरकला तर सुई खोल गेली आहे. नीट जमलं तर संत्र्याच्या सालीसारखा, बारीक खळ्यांचा पांढरट फुगा उठतो. पुतळ्याची रबरी कातडी तो दाखवत नाही, म्हणून सरावाला खरंच संत्रं घेतात.

या फुग्याचा आवडीच्या परिसराशी जवळचा संबंध आहे. इथून अरक्कोणमच्या लोकलने पुढे गेलं की तिरुवळ्ळूर येतं. हा सगळा भाग तेव्हा चिंगलपुट जिल्ह्यात होता. 1968मध्ये इथल्या गावांत बीसीजीची फार मोठी चाचणी सुरू झाली. अडीच लाखांहून अधिक लोकांना लस किंवा लसीसारखं दिसणारं निव्वळ द्रावण कातडीत टोचलं गेलं आणि पंधरा वर्षं पाठपुरावा झाला. मोठ्या माणसांच्या फुफ्फुसांच्या क्षयापासून बीसीजी संरक्षण देत नाही, असं त्यातून निघालं. लस तरीही राहिली, कारण तान्ह्या मुलांना मेंदूच्या आवरणाच्या क्षयापासून ती वाचवते. एवढा मोठा निष्कर्ष शेवटी कुणाच्या तरी हातांवर उभा होता. उन्हातान्हात गावोगाव फिरून कातडी ताणणारे आणि दंडादंडावर तो फुगा उठवणारे ते हात. त्यांची नावं आज कुणाला ठाऊक नाहीत, याचं मला वाईट वाटतं.

आवडीत रुग्णही सगळ्या मुलखांतले. कारखाने, हवाई दलाचं ठाणं, सीआरपीएफचा तळ. बाकावर शेजारी शेजारी तमिळ, मल्याळम, हिंदी ऐकू येते. ‘कैय लूसा विडुंगा’ हे वाक्य मुली जन्मापासून जाणतात. हिंदीतलं ‘हाथ ढीला छोड़िए’ त्यांना घोकावं लागतं. माझ्याकडून त्यांनी ‘हात सैल सोडा’ लिहून घेतलं. याला कारण आहे. आवळलेल्या स्नायूत सुई जास्त दुखते. दुखणं कमी करणं हा शिक्षणाचा भाग आहे: 2015मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं की लस देताना दट्ट्या मागे ओढून रक्त येतंय का ते बघू नये, जास्त दुखणारी लस शेवटी द्यावी, बाळाला आईच्या कुशीत ठेवावं.

सुई बाहेर आल्यावर टोपण पुन्हा लावायचं नाही. सुई कटरमध्ये, सिरिंज लाल पिशवीत. हे मॅडम इतक्या वेळा का सांगतात? 2002 ते 2004च्या देशव्यापी पाहणीत सुमारे 63 टक्के इंजेक्शनं असुरक्षित आढळली होती; 2009मध्ये गुजरातेत मोडासा परिसरात वापरलेल्या सिरिंजमुळे कावीळ पसरून माणसं गेली.

खुब्यावर गोंधळलेल्या त्या मुलीने पहिलं खरं इंजेक्शन एका गरोदर बाईला दिलं, धनुर्वात-घटसर्पाचं, अर्धा मिलिलिटर. ‘वलिक्कुमा?’ बाईने विचारलं, दुखेल का? ‘थोडंसं,’ मुलीने तमिळमध्येच खरं ते सांगितलं. मग बाही वर, बोटाखाली हाड, दोन बोटं खाली. डावा हात या वेळी जागचा हलला नाही. सुई गेली, आली, कटरमध्ये पडली. बाईला अर्धा तास बसून राहायला सांगून मुलीने कार्ड भरलं. मॅडमनी ते वाचून परत दिलं. ‘दंड कुठला ते लिहिलं नाहीस. उद्या सुजला तर बघणाऱ्याला कसं कळणार?’