बावनकशी आणि मुलामा

सोन्याची पारख ही सराफाची विद्या, असे मानून आपण निर्धास्त असतो. बँकेत सोनेतारणाचे काम पाहताना एका दुपारी मला या निर्धास्तपणाची किंमत कळली.

सोलापुरातील एका व्यापारी घराच्या सूनबाई मुलाच्या शिक्षणासाठी कर्ज मागण्यास आल्या होत्या. सासूबाईंकडून आलेल्या चार पाटल्या त्यांनी टेबलावर ठेवल्या. मूल्यांकन करणाऱ्या सराफांनी प्रत्येक पाटलीचा कस दगडावर लावला. चारही रेघा पिवळ्याधमक उमटल्या. मात्र दोन पाटल्या जाडीच्या मानाने हलक्या भरत होत्या. बाईंच्या संमतीने त्यांनी आतल्या बाजूस कानशीने बारीक खाच पाडली, तेव्हा खालून तांबे दिसले. पुढे घरी उलगडा झाला. १९७२च्या दुष्काळात दुकान तगवण्यासाठी सासऱ्यांनी दोन पाटल्या मोडल्या होत्या आणि त्यांच्या जागी मुलाम्याच्या घडवून आणल्या होत्या. सासूबाईंना ते ठाऊक होते. फसवणूक कोणा सराफाची नव्हती, ती घरातल्या मौनाची होती.

तेव्हापासून मी सांगत आलो आहे की, कोणत्याही परीक्षेची मर्यादा आधी समजून घ्यावी. कसोटीचा दगड आणि तेजाब केवळ पृष्ठभागाची साक्ष देतात. दुकानातील क्ष-किरण यंत्रही वरच्या पातळ थरापलीकडे पाहत नाही. लोहचुंबकाला सोने चिकटत नाही हे खरे, पण तांबे, पितळ आणि चांदीही चिकटत नाहीत. त्यामुळे चुंबकाने लोखंड उघडे पडते, सोने सिद्ध होत नाही.

पाण्यातील वजनाची परीक्षा अधिक बोलकी आहे. २२ कॅरेटची २० ग्रॅमची भरीव पाटली दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवून तोलल्यास वजन सुमारे १.१ ग्रॅमने घटते. तेवढ्याच वजनाचे तांबे असेल तर घट सव्वादोन ग्रॅमच्या आसपास येते. अर्थात लाख भरलेल्या, पोकळ वा खडे जडवलेल्या दागिन्याला हा हिशेब लागू पडत नाही. टंगस्टनची घनता तर जवळजवळ शुद्ध सोन्याइतकीच असते. अखेरचा निर्णय अग्निपरीक्षेचाच. त्यात छोटा तुकडा शिशासह तापवून हिणकस धातू वेगळे करतात, चांदी नत्राम्लात विरघळवतात आणि उरलेले सोने तोलतात.

ग्राहकाच्या हाती आता हॉलमार्क आहे. १६ जून २०२१पासून २५६ जिल्ह्यांत तो सक्तीचा झाला आणि १ एप्रिल २०२३पासून सक्तीच्या कक्षेतील दागिन्यांवर सहा अक्षरी-अंकी एचयूआयडी अनिवार्य झाला. दागिन्यावर भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह, शुद्धतेचा अंक आणि हा क्रमांक अशा तीन खुणा पाहाव्यात. ९१६ म्हणजे हजार भागांत ९१६ भाग सोने. ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपमध्ये क्रमांक घातल्यावर दागिन्याचा प्रकारही दिसतो. तेथे अंगठी आणि हातात साखळी असेल, तर व्यवहार तेथेच थांबवावा. हॉलमार्क असलेल्या दागिन्याची शुद्धता कमी भरल्यास फरकाच्या दुप्पट भरपाई व तपासणीचे शुल्क मिळण्याची तरतूद २०१८च्या नियमांत आहे. म्हणून पावती जपावी. दोन ग्रॅमपेक्षा कमी वजनाचे आणि कुंदन, पोलकी, जडाऊ दागिने या सक्तीतून वगळलेले आहेत. तेथे पावतीवरील तपशील अधिकच महत्त्वाचा.

पारखीची ही परंपरा आपल्याला परकी नाही. दिल्लीच्या सुलतानी टांकसाळीशी संबंधित असलेले जैन श्रावक ठक्कुर फेरू यांनी १३१८मध्ये ‘द्रव्यपरीक्षा’ हा ग्रंथ नाण्यांतील धातूंच्या पारखीवरच लिहिला. तत्त्वार्थसूत्राने अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत हीनाधिकमानोन्मान आणि प्रतिरूपकव्यवहार, म्हणजे मापात लबाडी आणि खऱ्याच्या नावाखाली खोटे खपवणे, यांची नावे घेतली आहेत. हे व्रत दुकानाच्या उंबरठ्यावर संपत नाही.

म्हणून या दिवाळीत वहीपूजनाच्या वेळी आणखी एक वही मांडावी. घरातील प्रत्येक दागिन्याचे वजन, शुद्धता, पावती आणि तो कोठून आला, हे तीत लिहावे. जुने दागिने मान्यताप्राप्त केंद्रात तपासून घ्यावेत. एखादा दागिना अडचणीत मोडला असेल, तर तेही लिहावे. त्यात लाज कसली?

त्या सूनबाईंनी दोन खऱ्या पाटल्यांवर जमेल तेवढे कर्ज घेतले. मुलाम्याच्या दोन पाटल्या मात्र त्यांनी फेकल्या नाहीत. ‘घर याच पाटल्यांनी सावरलं,’ असे म्हणत त्यांनी त्या रुमालात बांधून पिशवीत ठेवल्या.